स्वतः पाहिले

"कोनं सांगतलं तुले?"

कुठलीही बातमी घेऊन गेलं की मामांचा पहिला प्रश्न हाच. खडू कानामागं, ओलं फडकं खांद्यावर आणि नजर तुमच्या तोंडावर. मलकापूर रोडवर ट्रक उलटला, अमक्याच्या घरी जुळं झालं, काही का असेना. एकदा शेजारची बाई धापा टाकत आली, "मामा, तुमच्या घरी पाहुणे आले, चाला लवकर." मामा जागेवरून हलले नाहीत. "कोनं सांगतलं?" बाई चिडली. "अवो, मी सोता त्याईले चहा देऊन आली ना!" तेव्हा कुठं उठले.

मामा म्हणजे आमच्या गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. गावाचं नाव सांगत नाही, मोताळ्याच्या आसपास कुठंतरी धरा. नाव सांगितलं तर उद्या चार जण माझ्या दुकानात येऊन बसतील, आणि त्यातले दोन माझे नेहमीचे गिऱ्हाईक आहेत. वाचनालय म्हणजे दोन खोल्या, वर पत्रे, तीन लोखंडी कपाटं आणि बाहेरच्या भिंतीवर सिमेंटचा काळा फळा. मामांचा जीव कपाटात कमी, त्या फळ्यात जास्त.

फळ्याचे त्यांचे नियम होते. आधी ओल्या फडक्यानं पुसायचं, मग पुरतं वाळू द्यायचं, मगच खडू लावायचा. "ओल्यावर लिहू नये बाबू, मंग अक्षर निंगत नाही," असं ते मला दर वेळी बजावत, जसं काही फळा मलाच लिहायचा होता. दुसरा नियम असा, की बातमीच्या शेवटी एक आडवी रेघ आणि रेघेपुढं ती कुठून आली ते. '— पेपर.' '— एसटी कंडक्टर.' '— ऐकीव.' आणि क्वचित, अगदीच क्वचित, '— स्वतः पाहिले.' हे लिहिलेलं असलं की गावात त्या बातमीवर कोणी वाद घालत नसे. भांडणाऱ्या भावाभावांनी सुद्धा घातलेला मला माहीत नाही.

बँकेतले एक साहेब इंग्रजी पेपर घ्यायचे. तो तीन दिवसांनी वाचनालयात यायचा, आणि मामा डिक्शनरी उघडून त्यातल्या कॉम्प्युटरच्या पानाचा अर्थ लावत बसायचे. फळ्याची शेवटची ओळ त्यांनी त्यासाठी राखून ठेवली होती. गावात तेव्हा कॉम्प्युटर सोडाच, टेलिफोन सात-आठ घरी. आणि आमच्या फळ्यावर काय, तर 'अमेरिकेत पत्र आता एका मिनिटात पोहोचते, तिकीट लागत नाही.' पोस्टमन आठ दिवस मामांशी बोलला नाही. 'टेलिफोनच्या तारेतून गाणी उतरवता येतात.' 'इंटरनेट जोडताना टेलिफोन किंचाळतो, घाबरू नये.' या शेवटच्या बातमीवर आम्ही पोरं पोट धरून हसलो होतो. पुढं मला तिचाच मार बसायचा होता.

एकदा प्रेमपत्राच्या नावानं येणारा व्हायरस निघाला. मामांनी लिहिलं, 'अनोळखी प्रेमपत्र उघडू नये, कॉम्प्युटर बिघडतो. — पेपर.' समोरचा किराणावाला मोठ्यांदा म्हणाला, "मामा, नुसता कॉम्प्युटर नाही, घर बी बिघडते!" मामा हसले नाहीत. बातमीवर हसणं त्यांना आवडायचं नाही.

दोन हजार साल उजाडायच्या आधीचं तर विचारू नका. 'एक जानेवारीला कॉम्प्युटर तारीख विसरतील. विमाने, बँका बंद पडण्याची भीती. — पेपर.' गावानं ते पुरतं वाचलं नाही आणि पिठाच्या गिरणीवर रांग लावली. एक जानेवारीला काय झालं? सकाळची एसटी वेळेवर आली, जी एरवी कधी येत नव्हती. "कॉम्प्युटर नाही बे, मामाच बंद पडले," असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणाले. मामांनी फळा पुसला, वाळू दिला, आणि लिहिलं, 'दोन हजार सालची भीती खोटी ठरली. चुकीची बातमी दिल्याबद्दल हा फळा दिलगीर आहे. — स्वतः पाहिले.' आपली चूक छापणारे पेपर मी पाहिलेत, कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात. मामांनी ती सगळ्यात वर लिहिली.

तरी लोकांनी त्यांना थापाड्या ठरवलंच. रोज कोणीतरी विचारायचं, "काय मामा, तुमचं इंटरनेट कोठवर आलं?" मामा गंभीरपणे सांगायचे, "मलकापुरात आलं." मग काही महिन्यांनी, "मोताळ्यात आलं." म्हणजे आता फक्त फाटा उरला, असं म्हणून लोक टाळ्या द्यायचे. मामा मला एकट्याला म्हणाले होते, "बाबू, मी लोकाइले इतके वर्स सांगून राह्यलो. खरं हाय का खोटं, मले तं कोठं माहीत हाय? एकदा डोयानं पाहीन, अन् मंग लिहीन."

त्यांना काय लिहायचं होतं ते तुमच्या ध्यानात आलं असेल. एवढंच हवं होतं त्या माणसाला. दोन शब्द.

वाचनालयांना कॉम्प्युटर देण्याची योजना निघाली तेव्हा मामांनी स्वतःच्या हातानं अर्ज केला. एकदा नाही, दर सहा महिन्यांनी. शेवटी एका सकाळी जीपमधून खोकी आली. मामांनी त्यांना हार घातला, मोठ्या डब्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं वाचनालयाचं नाव आणि डेड स्टॉकचा, म्हणजे सामानाच्या नोंदवहीतला, नंबर घातला, फळ्यावरच्या त्याच वळणदार अक्षरात. पण पिन लावली नाही. मेकॅनिक आल्याशिवाय हात लावायचा नाही, असं कागदात लिहिलं होतं. नियम म्हणजे नियम! आठ दिवस ते त्या बंद कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून बसत. त्या आठ दिवसांत त्यांनी कागद फाडून फेकला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

नवव्या दिवशी वाचनालयाचे अध्यक्ष आले. म्हणाले, इथं पत्रे गळतात, टेलिफोनची लाइनही नाही, तेव्हा लाइन येईपर्यंत मशीन स्टँडजवळ माझ्या पुतण्याच्या दुकानात राहू द्या. राहिलं ते राहिलंच. पुतण्यानं 'सायबर कॅफे' अशी पाटी लावली. आणि तिथं ऑपरेटर म्हणून कोणाला ठेवलं? मला. बुलढाण्याहून कोर्स करून आलो होतो, घरी बसून टोमणे खात होतो, नोकरी मिळाली म्हणून आईनं पेढे वाटले.

पहिल्याच दिवशी अध्यक्षांनी माझ्या हातात ब्लेड दिलं. "तो नंबर खरडून टाक. अन् त्या मामाले इथं घ्यायचं नाही, समजलं का?"

मी म्हटलं, "काऊन? नुसतं पाहून जातील."

"तेच नाही पाह्यजे. त्यानं मशीन इथं पाह्यलं का फळ्यावर लिहीन, स्वतः पाहिले. मंग सारं गाव माह्या दारात येईन."

मी नंबर खरडला. रंग पक्का होता, दुपार गेली.

चौथ्या का पाचव्या दिवशी मामा आले. धुतलेला सदरा. दारात चपला काढल्या, तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायची रीत होती. आत मात्र आले नाहीत. म्हणाले, "मले चालवाचं काही नाही बाबू. नुसतं पाहाचं हाय. दोन मिनिटं."

माझ्या मागं पुतण्या बसला होता. मी म्हणालो, "आज लाइन बंद हाय मामा."

आणि नेमकं त्याच वेळी मागं मॉडेम किंचाळायला लागलं. पुतण्यानं कनेक्शन लावलं होतं. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको, अर्धं गाव जागं होईल असा. हा आवाज मामांनी कधी ऐकला नव्हता, पण गावाला तो त्यांनीच आधी सांगितला होता. ते ऐकत राहिले. सगळा ऐकला. मग माझ्याकडं पाहून विचारलं, "लाइन बंद हाय, हे कोनं सांगतलं तुले?"

"मी सांगून राह्यलो ना मामा."

"बरं," मामा म्हणाले. चपला घातल्या. "लाइन आली का सांगजो. फळ्यावर बदलतो."

संध्याकाळी घरी जाताना पाहिलं. फळ्याची शेवटची ओळ: 'वाचनालयाची इंटरनेट लाइन आज बंद. — ऑपरेटरकडून कळले.'

मला वाटलं, उद्या पुसतील. पुसली नाही. रोज बाकीचा फळा पुसायचे, नवीन लिहायचे, आणि त्या ओळीवरून फक्त खडू गिरवायचे. माझी जायची-यायची वाट तीच होती. मी दुसऱ्या गल्लीतून जायला लागलो, तिकडं कुत्री होती तरी.

पुढं काय झालं ते सगळ्या गावांचं झालं तेच. मोबाइल आले, कॅफे बंद पडला, मशीन भंगारात गेलं. अध्यक्षांना उत्कृष्ट वाचनालयाचा सत्कार मिळाला. मी ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं, सातबारा, पीकविमा, दाखले. बरं चालतं. भाजीवाल्या बायाही आता मोबाइलवर मलकापूरचा भाव पाहतात. आणि वाचनालयाच्या फळ्यावर तीच ओळ, लाइन आज बंद. लोक म्हणायचे, मामाचं डोकं फिरलं. एकानं त्यांच्यासमोर मोबाइल धरला, "हे पहा मामा, हे इंटरनेट!" मामांनी पाहिलंच नाही. म्हणाले, "हे तुह्यं हाय. वाचनालयाचं कोठं हाय?" तो हसत सुटला. हसण्यासारखं काय होतं त्यात? पूर्ण गावात शहाणा प्रश्न त्या एका माणसाला पडला होता.

शेवटी शेवटी ते माझ्या दुकानात आले, निराधार योजनेचा फॉर्म भरायला. ग्रंथपालाला पेन्शन कुठली! मी खुर्ची दिली. त्यांचा अंगठा मशीनवर उमटेना. आयुष्यभर खडू आणि ओलं फडकं, बोटांच्या रेघाच झिजल्या होत्या. पाच-सहा वेळा केलं. स्क्रीन त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता, पण मामा भिंतीकडं बघत बसले होते.

"मामा, इकडं पहा ना," मी म्हटलं.

"लाइन आली का?"

दुकानात चार माणसं होती. ती हसली. त्यांच्याकडं पाहून मीही हसलो, म्हणालो, "तुमी बी ना मामा!" एवढंच म्हणालो. हो, आली, त्या दिवशीही होती, मी खोटं बोललो, हे सांगायला किती वेळ लागतो? मला लाज वाटते, पण तेव्हा त्या चार माणसांची जास्त वाटली. मामा उठून गेले. अंगठा उमटलाच नाही, फॉर्म तसाच राहिला.

गेल्या उन्हाळ्यात मामा वारले. अध्यक्षांनी स्टँडवर भलं मोठं फ्लेक्स लावलं, 'आमचे मार्गदर्शक'. मामांच्या फोटोपेक्षा त्यांचा स्वतःचा फोटो मोठा. गावच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची चित्रं पडत राहिली. आणि फळ्यावर लिहायला कोणी नव्हतं. माझं अक्षर बरं, म्हणून मला बोलावलं.

मी ओलं फडकं घेतलं आणि सगळा फळा पुसला. खालची ओळसुद्धा. काळाभोर झाला, काही म्हणता काही दिसेना. मग नियमाप्रमाणे वाळायची वाट पाहत उभा राहिलो. ऊन होतं, वरून वाळत आला. वरचं सगळं स्वच्छ. खाली मात्र एकेक अक्षर परत दिसायला लागलं. वाचनालयाची. इंटरनेट लाइन. आज बंद. मी पुन्हा पुसलं, बोटानं घासलं, नखानं खरडलं. खरडायची सवय आहे मला. वाळलं की पुन्हा तेच, रेघेसकट, ऑपरेटरसकट.

शेवटी मी वर लिहिलं, 'वाचनालयाचे ग्रंथपाल यांचे आज सकाळी निधन. — स्वतः पाहिले.' पाहिलं होतं मी. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांत तेव्हाही खडूचं पांढरं होतं.

समोरचा किराणावाला आला, आता म्हातारा झालाय. त्यानं वरपासून खालपर्यंत सगळं मोठ्यांदा वाचलं. "खालचं काऊन नाही पुसलं बे?"

"निंगत नाही."

"अन् हा ऑपरेटर कोन व्हय?"

"मी," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हसला. "आजच्या दिवशी तरी गंमत नको करू बे," म्हणाला, आणि टोपी सारखी करत मामांच्या घराकडं चालायला लागला.