आमच्या घरातलं माझं झाड

आमच्या घरात माझं असं काही नाही. हे रडगाणं नव्हे, नुसती वस्तुस्थिती सांगते. माझा चष्मा सासूबाई पोथी वाचायला लावतात. माझा फोन चार्जरवरून काढून हे स्वतःचा लावतात. स्कूटी माझ्या नावावर आहे आणि किल्ली दिराच्या खिशात. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात कुणी चुकून ‘माझं’ म्हणालं की लगेच प्रश्न येतो, “माझं-तुझं कवापासनं आलं आपल्यात?” हे विचारणारा नेहमी घेणारा असतो. देणाऱ्यानं हा प्रश्न विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.

म्हणून शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, की एक तरी गोष्ट अशी करायची जिला माझ्याशिवाय कुणाचा हात लागणार नाही. मांजर पाळणार होते, पण मांजर जो दूध देईल त्याचं होतं. मग बोन्सायची कार्यशाळा असल्याचं कळलं आणि मी नाव घातलं.

शिकवणाऱ्या बाई पुण्याहून आल्या होत्या. त्या इतक्या हळू बोलत होत्या, की मागच्या रांगेतल्या बायकांना आपण कुणाच्या समाचाराला आलोय असं वाटायला लागलं. “झाडाला काय व्हायचंय, ते आधी त्याला विचारा,” बाई म्हणाल्या. आम्ही माना डोलावल्या. मग त्यांनी कात्री उचलली आणि समोरच्या झाडाचा निम्म्याहून जास्त भाग छाटून टाकला. झाडानं काय उत्तर दिलं ते काही आम्हाला कळलं नाही. माझ्या शेजारच्या बाईंनी एवढं मन लावून छाटलं की त्यांच्या कुंडीत एक काडी उरली, आणि तिच्याबरोबर त्यांनी सेल्फीही काढला. पण थट्टा सोडा, शिकवलं बाईंनी चांगलं.

दुसऱ्या दिवशी मलकापूरच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीतून मी जुनिपर आणलं. काळ्या पिशवीतलं, गुडघ्याएवढं, सुरूच्या जातीतलं दिसणारं, टोचणारं, अस्ताव्यस्त. गच्चीवर बसून आधी खालचा पाला काढला, तेव्हा आत खोड दिसलं. ते बुडाशीच डावीकडं वळलेलं होतं, एखादी बाई कमरेवर कळशी घेऊन उभी राहते तसं. ते वळण बघून मला फार आनंद झाला. समोरासमोरच्या दोन फांद्यांतली एक ठेवली, एक काढली. मग ॲल्युमिनियमची तार घेतली, खोडापासून सुरू करून तिरके, सैलसर वेढे देत फांदीच्या टोकापर्यंत नेली आणि दोन्ही अंगठे टेकवून फांदी हळूहळू खाली वाकवली. एकदा बारीकसं कर्र झालं आणि मी तिथंच थांबले. हाताला राळेचा वास येत होता. चपट्या कुंडीची घाई केली नाही, मुळं हलवली नाहीत. मातीच्या साध्या कुंडीत मातीच्या गोळ्यासकट ठेवलं आणि संध्याकाळी खाली येऊन सगळ्यांना सांगितलं, “वर एक झाड आहे. त्याला कुणी हात लावायचा नाही.”

हे सांगणं हीच निमंत्रणपत्रिका ठरली.

पहिल्या चढल्या सासूबाई. त्यांचे सगळे भाऊ पैलवान, त्यामुळं रोडकं काही बघितलं की त्यांचा जीव तुटतो. आमच्या लग्नात त्यांनी माझ्या आईला विचारलं होतं, “पोरीला खायाला घालत न्हवता काय?” त्यांनी झाडाभोवती फेरी मारली आणि माझ्याकडं बघितलं.

“ह्याला उपाशी ठेवून बारकं ठेवत्यात म्हणं?”

“तसं नाही, आत्या. त्याला लागतं तेवढं मिळतं.”

“लागतं तेवढ्यावर कोण जगतंय?” असं म्हणून त्या खाली गेल्या. दुसऱ्या दिवसापासून झाडाला खुराक सुरू झाला. सकाळी तांदळाचं धुवण, दुपारी ताक, अमावास्येला नारळाचं पाणी. वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालायचं नाही, असं मी दारावर कागद चिकटवून लिहिलं. त्या म्हणाल्या, “पाणी न्हाय घालत की. ताक घालतोय.”

मग ह्यांची पाळी. आमच्या ह्यांचा स्वभाव असा, की घरात काही चांगलं असलं तर ते पावण्यांना दिसलं पाहिजे. पावण्यांना न दिसणारी वस्तू ह्यांच्या लेखी अजून आणलेलीच नसते. एक दिवस मी बाजारातून आले तर झाड हॉलमध्ये, टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये, माझ्या आदर्श शिक्षिकेच्या ढालीला खेटून. उजेडासाठी निळ्या दिव्यांची माळ सोडलेली.

“अहो, त्याला ऊन लागतं. ते बाहेरचं झाड आहे.”

“वर कोण बघतंय त्याला? आता कसं, आपलं झाड म्हणून शोभतंय.”

आपलं. मी ते उचलून वर नेलं. संध्याकाळी ते परत शोकेसमध्ये होतं. असं आठवडाभर चाललं. शेवटी माझी कंबर धरली, ह्यांची नाही.

राहिले होते दीर. त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळलेल्या पंपाची मोटार उघडून तांब्याची तार भरण्यात त्यांचा हात धरणारा पेठेत कुणी नाही, हे मी मानते. पण त्यामुळं जगातली कुठलीही तार त्यांना स्वतःच्या अखत्यारीतली वाटते. जेवून उठता उठता त्यांची नजर शोकेसकडं गेली.

“वैनी, हे वायंडिंग कुणी केलंय? लई ढिल्लं हाय.”

“ते ढिलंच लागतं, भाऊजी. फांदी जाड होते.”

“ढिल्लं वायंडिंग जळतंय,” ते म्हणाले. रविवारी मी भिशीला गेले असताना त्यांनी माझी तार काढली आणि तांब्याची भरली. वेढ्याला वेढा चिकटून, मध्ये नखही जाणार नाही अशी, बुडापासून शेंड्यापर्यंत. कापलेल्या फांदीच्या टोकाला मोटारीचं वार्निशही लावलं. काम इतकं सुबक होतं, की झाडाला बटण लावलं असतं तर त्यानं पाणी उपसलं असतं.

मी त्या दिवशी जेवले नाही. राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. कुणीही वाईट हेतूनं काही केलं नव्हतं, त्यामुळं भांडायलाही जागा नव्हती. बारभाईची खेती, काय लागेल हाती, ही म्हण मी पस्तीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतली होती.

काही दिवसांनी घरी कुणी नसताना मी दोन वेढ्यांच्या मध्ये पिन घालून साल जराशी खरवडली. जिवंत असेल तर आत हिरवं दिसतं. आत तपकिरी, कोरडं होतं. खाली माती हुंगली, तिला आंबूस वास येत होता. पण वरचा पाला हिरवागार. जुनिपरचं असंच असतं, बाईंनी सांगितलं होतं. मेल्यावरही ते महिना-दोन महिने हिरवं राहतं.

मी कुणाला काही सांगितलं नाही.

घरात त्याची सेवा चालू राहिली. सासूबाई ताक घालायच्या आणि म्हणायच्या, बघ कसं बाळसं धरलंय. हे पावण्यांना सांगायचे, आपल्याकडं जपानी झाड हाय. कुरुंदवाडहून नणंद आली, तिनं दृष्ट काढली. दीर तारेवरून बोट फिरवून समाधानानं दुकानाला जायचे. एका मेलेल्या झाडापायी सगळ्यांचे हात गुंतलेले बघून मला हळूहळू बरं वाटायला लागलं. त्याच आठवड्यात मी पुन्हा मलकापूरच्या रस्त्याला गेले.

मग एका सकाळी शेंडा पिवळा पडला आणि बघता बघता सगळं झाड खराट्याच्या रंगाचं झालं. हॉलमध्ये बैठक बसली. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला.

“आम्ही एवढं केलं,” त्या म्हणाल्या, “पर जिचं झाड तिलाच माया न्हाय.”

“कार्यशाळा करून आलीस ना?” हे म्हणाले. “तुझं झाड, तुला बघायला नको?”

दीर म्हणाले, “वैनीचं झाड, म्हणून मी जास्त बोललो न्हाय.”

मी तिघांकडं बघितलं. जगत होतं तोवर ते आपलं होतं. मेलं त्या दिवशी ते माझं झालं, आणि तेही एकमतानं. लग्न होऊन आल्यापासून ह्या घरात कुणी एखादी वस्तू माझी म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होते.

“व्हय, माझंच,” मी म्हटलं. “आणि दुसरं आणलंय, ते पण माझंच.”

तिघांनी एकदम विचारलं, “कुठाय?”

ते कुठं आहे ते मी त्यांना सांगितलं नाही. इथंही लिहीत नाही, कारण माझं लिहिलेलं आमच्या घरात सगळेच वाचतात.