आत्याची नववी रेघ

आमची आत्या दुर्बिणीच्या कचेरीत खुरपणी करते. हे मी नाही, तीच सांगते. आकाशात थोराड तारे जन्मतात तिथल्या गरम ढगांत मद्यार्कासारखे कसकसले कार्बनी रेणू शिजत असतात. प्रत्येक रेणूच्या ठरलेल्या रेघा संगणकावर उमटतात. नेहमीचे रेणू इतक्या रेघा पाडतात की कचेरीत त्यांना ‘तण’ म्हणतात. ते उपटायचं आणि खाली काही नवं उगवलंय का बघायचं.

अकरा वर्षं ती एकाच रेणूच्या मागे होती. त्याच्या नऊ रेघा हव्यात. आठ मिळाल्या. नववीच्या जागी मेथॅनॉलचं तण होतं, त्यामुळे ती आहे की नाही कळेना. साहेबांनी तर शोध जाहीर करायची तारीखही धरली.

मग मेथॅनॉलच्या रेघांचं जास्त अचूक कोष्टक आलं. आत्याने तण उपटलं. खाली सपाट, नववी रेघ नव्हतीच.

मी तिचा विसरलेला चष्मा द्यायला गेले होते, तेव्हा साहेब नाकातून समजावत होते, “बाई, नवातल्या आठ म्हंजे पहिला वर्ग की हो.”

“मार्कांचं नाही सर, हजेरीचं आहे. तो तिथे असेल तर अख्खा असेल. आठ बोटं आत नि एक बाहेर, असं नसतं.”

“आणि त्या आठ?”

“दुसऱ्या कुठल्या तणाच्या असतील.”

“मग जुनंच कोष्टक राहू दे ना. उपटा म्हणून कोणी सांगितलं होतं?”

“उपटलं सर.”

“झाकता येईल?”

“येईल. मी नाही झाकणार.”

साहेबांनी एक टाचणी उचलली, परत ठेवली. “अकरा वर्षं, बाई.”

“हो.”

घरी आई विळी घेऊन तयारच होती. “रडा हवं तर, वन्सं. मी कांदा चिरते, कोणाला कळायचं नाही.”

“रडू येत नाहीये, वहिनी. काहीच येत नाहीये.”

जेवून तिने अहवाल उघडला. बाबा शाळेत भाषा शिकवतात, त्यांना विचारलं, “दादा, ‘आढळत नाही’ लिहू की ‘आढळला नाही’?”

“‘आढळत नाही’ म्हणजे तो तिथे नसतोच, एवढंच.”

“आणि दुसरं?”

“तू शोधलास. तुला मिळाला नाही.”

तिने दुसरं लिहिलं, खाली आपलं नाव घातलं आणि पाठवून दिलं.