काशीकाकूंची बिगरी

हे मी कोणाला बोललेलो नाही. आईला नाही, कट्ट्यावरच्या दोस्तांना तर नाहीच. त्यांना सांगितलं असतं तर ते हसले असते, आणि त्यांच्याबरोबर मीही हसलो असतो. माझं हेच वाईट आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी नकलाकार. कल्याणात बंदरापासून स्टेशनापर्यंत कोणालाही विचारा. दत्तू ना? तो सगळ्यांचे आवाज काढतो. स्टेशनमास्तरचा, पुराणिकबुवांचा, भांडणाऱ्या दोन जावांचा. मराठी यत्ता झाल्या, इंग्रजी काही जमलं नाही, नोकरी लागेना. मग दिवसभर दुसरं काय करणार? ज्याला त्याला हसवत फिरायचो.

आमच्या शेजारी काशीकाकू राहायच्या. लाल आलवणातल्या विधवा. यजमान शाळामास्तर होते, त्यांनीच काकूंना लिहायवाचायला शिकवलेलं. ते गेले, आणि काकूंनी गणपतीच्या देवळाच्या ओसरीवर आळीतली बारकी पोरं गोळा करून बिगरी सुरू केली. बिगरी म्हणजे पहिलीच्याही आधीचा वर्ग. धुळपाटीवर बोट फिरवायचं, चिंचोके मोजायचे, गाणी म्हणायची, आणि रडू आलं तर काकूंच्या मांडीवर जाऊन रडायचं. फी नाही. ठाण्याचा भाऊ धान्य पाठवायचा, पण कुरकुरत. हे बंद कर आणि इथे येऊन स्वयंपाकघर सांभाळ, असं त्याचं चाललेलं.

म्हणून काकूंनी ग्रांटसाठी अर्ज केला. निम्मं सरकारनं द्यायचं, निम्मं म्युनिसिपालटीनं. गावात किती बोलणी झाली त्यावर! नाक पुसता येत नाही त्या पोरांवर सरकारचा पैसा कशाला? पैसा द्यायचा तर परीक्षा पास होणाऱ्यांवर द्या. काकू वाद घालायच्या नाहीत. लोकांना त्या फक्त गोमी नावाची एक पोर दाखवायच्या. गोमीचा बाप ठाकुर्लीकडे रुळावर कामाला, आई बंदरावर. धाकटा भाऊ महादू सदा गोमीच्या कडेवर. काकू म्हणायच्या, हा माझ्यापाशी बसला तर ती मुलींच्या शाळेत बसते, एवढं तरी बघा. आणि खरंच बसत होती. आमच्या आळीच्या मुलींपेक्षा बरं वाचायची.

सगळं आता डिपोटीसाहेबांवर होतं. शाळा तपासणारे ते. त्यांनी वर्ग बघून बरा शेरा द्यायचा, म्हणजे ग्रांट.

तपासणीआधी शाळेत तालीम होते, हे तुम्हाला ठाऊक असेल. कोणीतरी खोटा डिपोटी होतो, प्रश्न विचारतो, पोरं उत्तरं पाठ करतात. बिगरीच्या पोरांना तर पगडीवाला परका माणूस दिसला तरी चड्डी ओली व्हायची. काकू मला म्हणाल्या, दत्तू, तू हो रे डिपोटी, पोरांची भीती जाऊ दे.

भीती घालवली मी. चांगलीच घालवली.

खरे डिपोटी मी मोठ्या शाळेत बघितलेले. बसले की आधी तपकीर ओढायचे, एक डोळा मिटायचे, आणि नाकातून लांब “हंऽऽ” काढायचे. मी तेच केलं. पुढे पदरचंही घातलं — शिंकायचो आणि खुर्चीसकट उताणा पडायचो. पोरं खिदळून लोळायची. काकू दोनदा म्हणाल्या, पुरे रे, ती हेच खरं धरून बसतील. मी पुन्हा पडलो. हसू आलं की मला थांबता येत नाही — पण हे सांगून काय उपयोग?

खरे डिपोटी आले. बसले. तपकीर ओढली, डोळा मिटला, “हंऽऽ”. सगळी ओसरी हसायला लागली. काकूंनी दटावलं, तशी गप्प झाली. पण कशी गप्प? सगळी टक लावून वाट बघत. आणि महादू उठून अगदी त्यांच्या गुडघ्यापाशी गेला.

“आता पड ना,” तो म्हणाला.

साहेबांनी विचारलं, हे कोणी शिकवलं? मी खांबाला टेकून उभा होतो. काकूंनी माझ्याकडे एकदा बघितलं, मग खाली बघून म्हणाल्या, “माझंच चुकलं.” घाबरल्या की त्या अडखळायच्या. तेवढे दोन शब्द त्यांना धड बोलता येईनात. मी बोललो का? नाही. नाही बोललो. साहेबांचा शेरा वाईट पडला.

तुम्हाला वाटेल, हेच ते. पोरवय, थट्टा अंगाशी आली, घाबरला. इतकंच असतं तर मी कधीच कोणाला सांगून मोकळा झालो असतो.

त्याच संध्याकाळी अण्णाशेटच्या वखारीवर माणसं जमलेली. अण्णाशेट म्युनिसिपालटीचे सभासद, काकूंच्या बाजूचे. सरकारनं नाही दिलं तरी आपला निम्मा वाटा देऊ, वर्षभर चालू दे, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी मला बोलावून सरळ विचारलं, दत्तू, तू होतास ना तिथे, नेमकं काय झालं? एका वाक्याचं काम होतं. मी शिकवलं, बाईंचा दोष नाही. बस.

मी धोतराचा सोगा डोक्यावर घेतला. दातात धरला. हात थरथरवले. आणि काकूंच्या आवाजात म्हटलं, “म-म-माझंच… च-च-चुकलं.”

वखार हसली. म्हणून मी पुन्हा केलं, आणखी अडखळून. अण्णाशेट डोळे पुसत म्हणाले, “अरे, हिला चार पोरं आवरेनात आणि आपण पैसे द्यायचे?” तिथेच संपलं. पुढच्या सभेत कोणी विषयसुद्धा काढला नाही.

मला तेव्हा कळत होतं का? कळत होतं. करता करताच कळत होतं.

काकू ठाण्याला भावाकडे गेल्या. जाताना आमच्या दारात आल्या, आईला चिंचोक्यांचं गाठोडं दिलं, मला म्हणाल्या, नीट राहा. माझं नाव त्यांनी कोणाला सांगितलं नाही. वखारीतलं त्यांच्या कानावर गेलं होतं की नाही, मला माहीत नाही. गेलं असणार. कल्याण केवढंसं गाव.

गोमीची शाळा सुटली. महादू पुन्हा तिच्या कडेवर, आणि आता त्याच्या पाठचं एक.

त्या नकलेला गावात अजून मागणी आहे. दत्तू, ती बिगरीची बाई कर रे, म्हणतात. परवा शिमग्याला म्हणाले.

मी केली.