चौघांची होडी

लग्नानंतरची पहिली काही वर्षं माझा नवरा दर रविवारी पहाटे गळ घेऊन पानशेतच्या बाजूला निघून जायचा. तो कोकणातला, वडील मासेमारी करायचे. पुण्यात चिंचवडच्या कारखान्यात नोकरी, वारज्यात फ्लॅट, सगळं नीट होतं. पण आठवड्यातून एकदा पाणी दिसलं नाही तर तो आजारल्यासारखा व्हायचा. मी शनिवार पेठेतली, घरात अंडंसुद्धा न येणारी. तो मासे आणायचा, स्वतःच साफ करायचा, स्वतःच्या कढईत शिजवायचा. मी खिडक्या उघडायचे.

माझ्या आईला ते काही पटत नसे. ती म्हणायची, "अहो, मासे मंडईतही मिळतात म्हणे. एवढं पेट्रोल जाळून जायलाच हवं का?"

"आई, तिथले मेलेले असतात."

"मग तुम्ही काय, जिवंत खाता?"

तो मनापासून हसायचा. आईचं बोलणं त्याला लागत नसे, हे त्याचं मला सगळ्यात आवडलेलं.

आमची लेक चार वर्षांची झाली आणि मला पुन्हा दिवस गेले, तेव्हा त्याने होडीचा विषय काढला. काठावरून गळ टाकून चिलापीच लागते, मोठा कटला आत असतो, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, "घे. पण आम्ही सगळे मावू अशी घे. दोन पोरं घेऊन दर रविवारी मी घरात बसणार नाही."

"अगं, मासे धरायची होडी वेगळी आणि पोराबाळांना घेऊन फिरायची वेगळी."

"दोन्ही एकात होत नाही?"

"कोणी केलेलं नाही बघितलं."

पण विचार करायला लागला. त्याचं तसंच असतं, आधी नाही म्हणतो आणि मग अंघोळ करताना त्याच गोष्टीवर बडबडत असतो. पुढचे कितीतरी दिवस जेवणं झाल्यावर आम्ही त्यावर बोलायचो. लेक मध्येच उभी राहिली तर? गळ मागे नेताना कोणाच्या डोळ्याला लागला तर? ऊन लागेल, सावली कशाची करायची? एकदा मी विचारलं, "आणि तिला मध्येच शू लागली तर?" त्याच्या वडिलांच्या होडीत हा प्रश्न कधी आला नसावा.

पहिली होडी बघितली ती धरणाकाठच्या एका गावात, एकाची जुनी. लांब, अरुंद, काठ कमी उंचीचे. नवरा तिच्याभोवती फिरत राहिला, तिच्या पोटावरून हात फिरवत राहिला. माझ्या लक्षात आलं की त्याला हीच हवी आहे. मी पाय ठेवला तर ती अशी कलली की मी मटकन खाली बसले, पोटावर हात धरून.

"ही तुझी आहे," मी म्हटलं. "आपली नाही."

तो म्हणाला, "बरोबर आहे." परतीच्या वाटेवर त्याने तिचं नाव काढलं नाही. हवा भरायची होडीही कोणीतरी सुचवली, ती त्यानेच उडवून लावली. गळाचं टोक एकदा टेकलं तर काय होईल, म्हणाला.

शेवटी कोणीतरी विश्रांतवाडीच्या पुढच्या एका शेडचा पत्ता दिला. तिथे फायबरच्या पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या आणि सांगितल्या तर होड्याही बनवत. मालक पन्नाशीचे, पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात राहिलेल्या मुस्लिम कुटुंबातले, मराठी माझ्या आईइतकंच स्वच्छ. आत एक रुंद, सपाट तळाची होडी जुन्या टायरांवर ठेवलेली होती. ते म्हणाले, "ताई, बसून बघा. पाण्यात नेण्याआधी इथेच भांडून घ्या."

मग आम्ही त्या शेडमध्ये, फायबरच्या उग्र वासात, जमिनीवरच्या होडीत बसलो. नवरा पुढे उभा राहिला आणि हातात काहीही नसताना गळ टाकल्याची नक्कल केली. मागे बसलेल्या लेकीने "लागला, लागला" म्हणून डोळा धरला. ते नाटक होतं, पण त्यावरून ठरलं: गळ फक्त पुढच्या टोकावरून टाकायचा, आमिष आणि गळ ठेवायला पुढेच झाकणाची पेटी, आणि आम्ही मागच्या फळीवर. काठ हातभर उंच. वर कापडाची सावली, काढता-घालता येईल अशी. पिण्याच्या पाण्याचं धरण, त्यामुळे इंजिनचा प्रश्नच नव्हता, वल्हीच मारायची.

"साहेब, ही हळू चालेल," मालक म्हणाले. "वारा आडवा आला तर वाहत जाईल. त्या अरुंद होडीची मजा हिला नाही."

नवऱ्याने आमच्याकडे पाहिलं. "मला कुठे शर्यत लावायचीय," म्हणाला.

मी पोटाकडे बोट करून विचारलं, "आणि हे कुठे?"

मालकांनी विचार केला, खडू घेतला आणि मधल्या नि मागच्या फळीच्या मधे तळावर एक चौकोन आखला. इथे बुटक्या कडेची जागा करतो, कोपरे गोल ठेवतो, गादी घाला, म्हणाले. वजन जितकं खाली तितकी होडी शांत. लेक लगेच त्या खडूच्या चौकोनात आडवी झाली आणि डोळे मिटून म्हणाली, "बाळ असं झोपेल." रंग पिवळा, हेही तिनेच ठरवलं. मी म्हटलं, मासे घाबरतील. नवरा म्हणाला, "मासे खालून बघतात. खालून सगळ्या होड्या काळ्याच."

त्या दिवशी आम्ही फार आनंदात होतो. येताना लेक गाडीत झोपली, आणि तो रस्ताभर वल्ही कुठल्या लाकडाची करायची ते सांगत होता.

सातव्या महिन्यात, शाळेत चौथीच्या वर्गावर शिकवत असताना माझ्या ध्यानात आलं की सकाळपासून बाळ हललेलं नाही. मी गार पाणी प्यायले, कोणाकडून तरी चॉकलेट मागून खाल्लं. डाव्या कुशीवर झोपले, शिक्षकांच्या खोलीतल्या बाकावर. मग रिक्षा केली. दवाखान्यात डॉक्टरबाई पोटावरून यंत्र फिरवत होत्या. पडदा त्यांनी हळूच स्वतःकडे वळवून घेतला, तेव्हाच मला कळलं.

गेलेल्या बाळालाही जन्म द्यावा लागतो, कळा येतात, जोर लावायला सांगतात, हे मला माहीत नव्हतं. सगळं झालं आणि खोलीत कोणी रडलं नाही. आई माझ्या उशाशी होती. म्हणाली, "बघू नकोस. बघितलंस की विसरायचं कसं?" मी भिंतीकडे तोंड केलं. नवऱ्याच्या चपलांचा आवाज आला, तो दारापर्यंत जाऊन थांबला, मग गेला. शेजारच्या काकांना घेऊन तो सगळं करून आला. आला तेव्हा अंघोळ केलेली होती, केस ओले होते. बाळाला कुठे पुरलं, हे मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही.

मुलगी होती. भेटायला आलेल्या एका बाईंनी "काय होतं?" विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर त्यांचा चेहरा जरासा सैल झाला. आई लगेच म्हणाली, "चहा घेऊन जा. म्हणजे लवकर निघता येईल." दोन-तीन दिवसांनी मला दूध आलं. त्यावर गोळ्या असतात. त्या घेतल्या.

मग घरात एक विचित्र सभ्यपणा आला. तो भांडी घासायचा, लेकीच्या वेण्या घालायचा, वाकड्यातिकड्या. आम्ही गॅसबद्दल बोलायचो, शाळेच्या बसबद्दल बोलायचो. मी खोलीत आले की तो काही कारण काढून उठायचा. तो आला की मी उठायचे. गळ माळ्यावर गेले. रविवारी तो घरी असायचा आणि टीव्ही लावायचा, आवाज न करता.

होडी झाल्याचा फोन आला. तो "बघतो" म्हणाला आणि ठेवला. पुन्हा आला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी फोन मी घेतला आणि मालकांना काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "ताई, ते मधलं काढून टाकू? घासून साफ करून देतो, तिथे काही होतं हे कळणारही नाही."

मी नवऱ्याला विचारलं. तो इस्त्री करत होता. मान वर न करता म्हणाला, "राहू दे."

टेम्पोने होडी धरणाकाठच्या गावात पोचली. परवानगीचं त्याने आधीच करून ठेवलं होतं. पण होडी पाण्यात गेली नाही, ताडपत्रीखाली पडून राहिली. शेवटी लेकच हटून बसली. तिने अख्ख्या बालवाडीला पिवळ्या होडीबद्दल सांगितलं होतं, आणि आता मुलं तिला खोटारडी म्हणत होती.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही गेलो. थंडी होती, पाण्यावर धुकं होतं. होडी खरंच हळू चालत होती आणि खरंच कलत नव्हती. लेकीने नारिंगी जॅकेट घालून हात पाण्यात घातला, ओरडून घेतलं, गूळपोळी खाल्ली, आणि ऊन वर आल्यावर त्या मधल्या जागेत, गादीवर, पाय पोटाशी घेऊन झोपून गेली. तिथे ती बरोबर मावली. आम्ही दोघांनीही ते पाहिलं.

त्याने पुढच्या टोकावरून गळ टाकला आणि पाठ करून बसला. वारा नव्हता. होडीत कोणालाच उठून जाता येत नाही.

"कशी होती?" मी विचारलं.

कोण, असं त्याने विचारलं नाही. म्हणाला, "केस होते. भरपूर. ओले होते, म्हणून अगदी काळेभोर."

"आणि?"

"हनुवटी तुझी. नखं होती. एवढीएवढी. वाढलेली."

"डोळे?"

"मिटलेले." मग तो वळला. "काकांच्या गाडीत मी फडकं उघडलं आणि बघत बसलो. ते म्हणाले, झाक आता. मी नाही झाकलं."

"मला दाखवायची ना."

"तू तोंड फिरवलंस."

"मी दमले होते रे."

"मला वाटलं, तुला नको आहे. नंतरही तू काही विचारलं नाहीस."

"मला वाटलं, तू मुद्दाम सांगत नाहीस."

तो म्हणाला, "वर मीठ घालायचं असतं. माझ्याने होईना. काकांनी घातलं. दगड मात्र मी ठेवले. मोठे बघून आणले. कुत्री उकरतात म्हणून." आणि मग तो रडला, तोंड न झाकता. मी उठून त्याच्याकडे जायला लागले, तर होडीत उभं राहायचं नाही हा माझाच नियम, म्हणून बसल्या बसल्या सरकत, लेकीला ओलांडून गेले.

तेवढ्यात रीळ कर्रकन फिरलं. गळाची काठी वाकली. आम्ही नुसते बघत राहिलो. आवाजाने लेक जागी झाली, "बाबा, मासा! बाबा!" म्हणून किंचाळली, तोवर दोरा सैल पडला होता. ती भयंकर चिडली. "तुम्ही दोघं काय करत होतात?" म्हणाली.

पुढच्या आठवड्यात त्याने मला ती जागा दाखवायला नेलं. मधे पावसाळा होऊन गेला होता, कमरेइतकं गवत माजलं होतं. तो इकडे गेला, तिकडे गेला, वाकून दगड बघत राहिला, आणि सगळे दगड सारखेच दिसत होते. "इथेच कुठेतरी," म्हणाला. त्याला फार लाजल्यासारखं झालं. मी म्हटलं, असू दे. आम्ही तिथे थोडा वेळ उभे राहिलो.

होडी अजून आहे. दुसरं मूल आम्हाला झालं नाही. लेक आता आठ वर्षांची आहे, वल्हं मारते, आणि बापापेक्षा जास्त वेळ गप्प बसू शकते.

होडीत ते बोलणं झालं, त्याच थंडीत एका दुपारी मी शनिवार पेठेत आईकडे गेले होते. ती मटार सोलत बसली होती. मी तिला ते सगळं सांगितलं. केसांचं सांगितलं, हनुवटीचं सांगितलं. ती खाली मान घालून सोलत राहिली. मला वाटलं, तिला हे ऐकायचं नाही.

मग म्हणाली, "उजव्या कानामागे तीळ होता."

"तू बघितलंस तिला?"

"नाहीतर अंघोळ कोणी घातली असं वाटतं तुला? नर्स पाणी आणायची ते पातेलं होतं ना, त्यात. पाणी गार होतं. मी कोमट मागून घेतलं." दाणे टाकायचे त्या भांड्यात ती सालं टाकत होती. तिच्या लक्षात आलं नव्हतं.

मी भांडं माझ्याकडे ओढलं आणि सालं वेचून बाजूला काढायला लागले.