सोड म्हणाल्याशिवाय पाय काढायचा नाही

माझ्या दादाला सगळे उद्या मिस्त्री म्हणायचे. गाडी कधी मिळेल विचारलं की एकच उत्तर, उद्या. लोक चिडायचे, वाट्टेल ते बोलायचे आणि परत त्याच्याकडेच यायचे, कारण त्याने हात लावलेला ब्रेक कधी दगा द्यायचा नाही. फक्त आमची घरची गाडी त्या उद्यात अडकून पडलेली.

गाडी म्हणजे वडिलांचा जुना पिकअप, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. एकोणीस वर्षं झाली मी त्यातून बेकरीचे पाव दुकानादुकानात पोचवते. चारी चाकांना जुने ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून तेलाची एकच लाइन. एक नळी फुटली की चारी चाकं मोकळी. दादा म्हणायचा, पुढे डिस्क बसवतो, दोन खान्यांचा सिलेंडर बसवतो, पुढचं तेल वेगळं, मागचं वेगळं, एक गेलं तर दुसरं थांबवेल. कधी? उद्या.

मग गेल्या वर्षी उतारावर पेडल एकदम खाली गेलं. पायाखाली काहीच नाही. पुढे शाळेचं फाटक, पोरं नुकतीच सुटलेली. मी गिअर खाली ओढला आणि गाडी भिंतीला घासत घासत नेली. आरसा गेला, दार चेपलं, पाव रस्त्यावर. पोरांना साधं खरचटलं नाही. दादा आला, चाकाजवळ वाकला, सांडलेलं तेल बोटाला लावून बघत बसला. घरी आल्यावर म्हणाला, "बारके, आता उद्या नाही." मी पन्नाशीला आले, तरी त्याच्यासाठी बारकीच.

पण तोवर त्याचं हृदय थकलं होतं. दहा पावलं चालला की धाप लागायची. वहिनी ओरडायची.

"अहो, डॉक्टरने काय सांगितलंय तुम्हाला?"

"त्याची गाडी माझ्याकडेच पडलीय. म्हणावं जास्त बोललास तर उद्या."

"जीव जाईल त्या गाडीपायी एक दिवस!"

ते बोलणं आठवून वहिनी अजून स्वतःच्या तोंडात मारून घेते.

दोन महिने लागले. भंगारातल्या व्हॅनच्या डिस्क आणल्या, त्या बसेनात. लेथवाल्याने त्यासाठी जाड पट्ट्या कापून दिल्या, त्या तीनदा चुकल्या. लेथवाला दादाचा लहानपणचा दोस्त. "तुझं माप चुकलं." "तुझे डोळे गेलेत." दिवसभर हेच. उचलायचं ते लेथवाला उचलायचा, दादा उपड्या खोक्यावर बसून पाना चालवायचा.

शेवटी हवा काढायची राहिली. नळ्यांत हवा असली की पेडल मऊ लागतं, गाडी थांबत नाही. हे काम दोघांचं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा छोटा नट उघडायचा. तेलाबरोबर बुडबुडे निघतात. नट बंद करायचा आणि मग म्हणायचं, सोड. त्याच्या आधी पाय काढला तर हवा उलटी आत जाते, सगळं पहिल्यापासून. लहानपणी चाकाशी वडील असायचे आणि मी पेडलवर उभी, कारण बसून पाय पोचायचा नाही. एकदा मुंगी चावली म्हणून पाय काढला, तर पाठीत असा धपाटा बसला! "सोड म्हणाल्याशिवाय पाय काढायचा नाही." त्यानंतर कधी नाही काढला. दादाच्या गॅरेजमध्येही पेडलवर मीच.

आता दादाला ओरडायला श्वास पुरत नव्हता. म्हणून ठरलं, पाना एकदा वाजला की दाब, दोनदा वाजला की सोड.

पेडलपासून लांबच्या चाकापासून सुरू करतात. मागची दोन झाली, पुढचं पलीकडचं झालं. उरलं ते माझ्या दाराजवळचं. दादा खोक्यावर बसला. मला वरून फक्त त्याची टोपी दिसत होती.

टक. मी दाबलं. पेडल थोडं खाली गेलं आणि थांबलं. दगडासारखं कडक. मी म्हटलं, "दादा, आलं बघ! झालं रे!"

आवाज नाही. वाटलं दम खातोय. टोपी दिसत होती ना, गाडीला टेकलेली.

"काय रे, झोपलास? का हे पण उद्या?" आणि मी हसले. माझी मीच हसले.

पायाला मुंग्या आल्या, पोटरी थरथरायला लागली, तर मी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. किती वेळ, खरंच माहीत नाही.

वहिनी चहा घेऊन आली. कप फुटल्याचा आवाज आला. "अगं उतर! उतर खाली!"

आणि मी काय बोलले माहितीये? "त्याने सोड नाही म्हटलं अजून."

डॉक्टर म्हणतो, क्षणात गेला, तू आधी उतरली असतीस तरी काही झालं नसतं. चांगला माणूस आहे तो. म्हणूनच कळत नाही, खरं सांगतो का मला बरं वाटावं म्हणून सांगतो.

आठवड्याने लेथवाला आला. त्या शेवटच्या नटाला पाना लावून बघितला. "घट्ट आहे," म्हणाला. "पुरा पिळलाय त्याने. पिळला आणि मग..." पाना दादाच्या हातातच होता त्या दिवशी, बोटं सोडवावी लागली होती. वाजवणारच होता. दोन टकटक तेवढ्या राहिल्या.

मी परत पाव पोचवते. वहिनी शेजारी बसते, एकटीला घर खायला उठतं. उतारावर गाडी अशी थांबते की ट्रेमधला पाव हलत नाही. पोरं रस्ता ओलांडून जातात आणि मी पेडल दाबून तशीच बसते. मागचे हॉर्न वाजवतात. मग वहिनी समोरच्या पत्र्यावर बोटाने दोनदा वाजवते.

तेव्हा मी पाय काढते.