पोस्टकार्डावर आलेलं फुकटचं प्यादं

गेल्या शनिवारी सकाळी येलहंकाहून बस पकडली आणि थेट चामराजपेट गाठलं... कारण होतं एक प्यादं.

तिथले गणोजीअण्णा आणि मी सहा वर्षं पोस्टाने बुद्धिबळ खेळतोय. एका स्पर्धेत ओळख झाली, दोघंही रिटायर्ड. एका कार्डावर एक चाल. अण्णांचा हात थरथरतो, म्हणून ते सांगतात आणि त्यांची बायको, म्हणजे अक्का, लिहितात.

अण्णांची सुरुवात ठरलेली. वजिरापुढचं प्यादं सरकवायचं आणि मग चहूकडून कुंपण घालून बसायचं. एक प्यादं म्हणून कधी सुखासुखी दिलं नाही त्यांनी मला.

या डावात मात्र राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे... आणि दुसऱ्याच चालीला शेजारचं, उंटापुढचं, सरळ माझ्या तोंडी! मी ते मारलं खरं, पण मन लागेना. ब्याऐंशी वय. अण्णांचं काही बिनसलं तर नाही? त्यात दोन दिवस फोनही कुणी उचलेना...

दार अक्कांनी उघडलं. अण्णा आत खुर्चीत, डोळ्यांवर काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, बस. मी आधी पाणी मागितलं!

"अण्णा, तुम्ही आणि असली सुरुवात?"

"मी कुठला! मी तिकडं दवाखान्याच्या फेऱ्यांत, आणि इकडं हिनं परस्पर दोन्ही कार्डं टाकली." तक्रारच करत होते... पण चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

अक्का पदराला हात पुसत म्हणाल्या, "सहा वर्षं ह्यांचं कुंपणच लिहीत आले. स्वल्प मारामारी नको काय?"

लिहिता लिहिता त्या खेळ शिकल्या होत्या... आणि आम्हा दोघांना पत्ताच नव्हता.

निघताना विचारलं, आता पुढे कोण खेळणार? मग अण्णाच म्हणाले, "हा डाव तिचा. सरी? चालेल ना?"

"सरी," अक्का म्हणाल्या. "मग कार्डही माझ्या नावानं घाला."

सहा वर्षं ज्यांचं अक्षर वाचत होतो, त्यांचं नाव मला विचारावं लागलं.

आज सकाळी कार्ड टाकलं. हा डाव मी बहुतेक हरणार, पण पत्ता फार समाधानाने लिहिला... सौ. सुभद्राबाई, चामराजपेट.