मोटर ऑटोवर, तात्या समुद्रावर

आमच्या तिघांचे होडीतले किस्से बांधावरच्या हरळीसारखे आहेत. एक उपटला की खालून चार निघतात. घरचे म्हणतात, "तेच ते किती वेळा सांगणार?" पण सांगताना आम्हालाच पुन्हा हसू येतं, त्याला इलाज नाही.

तिघं म्हणजे निरवांगीचे ऊसवाले तात्या, पिंपळीचे कांबळे सर आणि भवानीनगरच्या कारखान्यात फिटर असलेला मी. सर शाळेतून रिटायर झाले आणि शिडाच्या होडीचं खूळ डोक्यात घेऊन बसले. पावसाळा सरता सरता आम्ही कोकणातल्या एका खाडीतून, तिथल्याच एका नाखव्याच्या होडीतून निघालो. किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, वर पाऊस, आणि फोनला रेंज नाही.

*

होडी खाडीबाहेर पडली. जिकडं बघावं तिकडं पाणी. तात्यांनी नाखव्याला विचारलं, "एवढं पाणी. पाळी कुणाची हाय?"

सर नाखव्याला समजावायला लागले, "आमच्याकडं कॅनॉलचं पाणी पाळीनं मिळतं. पाळीवरनं भावाभावात बोलणं बंद होतं."

"आमचं बांधावरनं बंद हाय," तात्या म्हणाले. धाकट्या पोपटशी ते कित्येक वर्षं बोलत नव्हते. रानं मात्र शेजारी शेजारी. तात्यांचा ऊस वर, पोपटचा कांदा खाली.

*

पाऊस आला तशी सरांनी सवयीनं छत्री उघडली. तिच्यात वारा भरला आणि सर छत्रीसकट होडीच्या टोकाकडं निघाले. मी मागून त्यांचा पट्टा धरला.

नाखवा सुकाणू न सोडता म्हणाला, "गुरुजी, आपल्याला एक शीड पुरे."

सरांनी छत्री मिटली आणि दिवसभर भिजत बसले.

*

तात्यांना रिकामं बसवेना. त्यांनी शिडाची दोरी स्वतः बांधली, उसाच्या ट्रॉलीला मारतात ती गाठ मारून. ती गाठ खड्ड्याखड्ड्यातून कारखान्यापर्यंत सुटत नाही. वारा फिरला, शीड उतरवायची वेळ आली, तरी ती सुटेना. नाखवा दातांनी ओढतोय आणि होडी भलत्याच खाडीत शिरतेय. शेवटी त्यानं कोयत्यानं दोरी तोडली.

तात्या समाधानानं म्हणाले, "पण गाठ सुटली न्हाय."

*

त्या भलत्या खाडीतच जेवायला बसलो. तात्यांचा घास हातातच राहिला.

"मोटर."

निघताना विहिरीवरची मोटर ऑटोवर राहिली होती. म्हणजे लाईट आली की ती आपोआप सुरू होणार. बंद करायची ती फोनवरून, आणि फोनला रेंज नाही. वहिनी लेकीकडं गेलेल्या, घराला कुलूप. ऊस भरला की सगळं पाणी पोपटच्या कांद्यात.

"कांदा कुजला तर त्यो मला जित्ता सोडत न्हाय," तात्या म्हणाले. मग मासळीला त्यांनी हात लावला नाही.

*

सकाळी आम्ही तात्यांचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोरीनं डोलकाठीच्या टोकावर चढवला. खाली घेतला तर खतांच्या दुकानाचा मेसेज, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

"तात्या, आज वाढदिवस?" सरांनी हात पुढं केला.

"दुकानात कायतरी तारीख सांगावी लागती, सर."

त्याखाली ओळीनं पोपटचे मिसकॉल.

*

दुपारी एका कड्याला वळसा घालताना फोन वाजला. पोपट. तात्यांनी तो माझ्या हातात कोंबला. मी स्पीकर लावला.

"दादा हाय का तितं?"

"व्हय," मीच म्हणालो.

"त्याला सांगा, मोटर बंद केली मी. कांद्यात पाणी दिसलं म्हणून वर गेलो, तर घराला कुलूप. फोन लागंना. गावभर हुडकला त्याला. शेवटी पाव्हण्यांकडनं कळलं, समुद्रात गेलाय म्हणून."

तात्यांनी फोन ओढून घेतला. "पोपट, कांदा गेला का रं?"

"कांद्याचं मरू दे. तुला पवाय येतं का?"

"न्हाय."

"मग झक मारायला गेलास व्हय समुद्रात?"

पोपट सुटला. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, आजोबांपासून सुरुवात केली त्यानं. तात्या भर पावसात फोन कानाशी धरून "व्हय, व्हय" करत होते आणि गालातल्या गालात हसत होते. एवढ्यात होडी कड्याच्या पुढं सरकली आणि आवाज तुटला.

तात्यांनी फोनकडं बघितलं, कड्याकडं बघितलं.

"नाखवा, होडी मागं घ्या. त्याचं शिव्या देऊन व्हायचंय अजून."